गुहागरच्या किनाऱ्यावरचे छद्मविंचू ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गुहागरच्या पुळणीवर भरतीच्या रेषेपाशी पडलेल्या ओंडक्याची साल उचकटली, तर खाली सात-आठ छद्मविंचू! जेमतेम ३ मिमी. पुढे विंचवासारखे डेंगे, मागे शेपूट नाही की नांगी नाही. आई चप्पल घेऊन धावली, तिला थांबवलं. यांचं विष असलंच तर डेंग्यांत, तेही बारीक किड्यांपुरतं.

जगात यांच्या ३,००० हून जास्त जाती आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्या गॅरिपस प्रजातीतले असतील का? तिला चार डोळे असतात. मोबाइलच्या लेन्समधून मला एका बाजूचे दोन दिसले. डेंग्यांवरचे संवेदी केस मोजायला चिपळूण-रत्नागिरीकडे कुणाकडे सूक्ष्मदर्शक आहे का? एकच नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलाय. बाकीचे तिथेच, साल परत झाकून सोडले.