गिलरेचं पेन्शन: अठराव्या शतकातली ब्रिटिश व्यंगचित्रं स्वतंत्र होती की विकत घेतलेली?

कोरीव

ब्रिटिश व्यंगचित्रांचा विषय निघाला की लंडनच्या मोकळेपणाचं कौतुक ठरलेलं असतं. राजाचं घराणं, पंतप्रधान, विरोधी पुढारी, सगळ्यांची टिंगल दुकानाच्या काचेत टांगलेली असायची आणि रस्त्यावर गर्दी करून लोक ती बघायचे. त्यावरून आपण निष्कर्ष काढतो की ही कला निर्भय होती. मला हा निष्कर्ष पटत नाही.

जेम्स गिलरेचंच बघा. त्या काळातला सर्वांत तयारीचा हात त्याचा, याबद्दल वाद नाही. जानेवारी १७९६ मध्ये त्याला ईश्वरनिंदेच्या आरोपावरून अटक झाली. नुकत्याच जन्मलेल्या राजकन्येचं दर्शन घ्यायला विरोधी पुढारी फॉक्स आणि शेरिडन आलेत, असं चित्र त्याने बाळ येशूच्या दर्शनाच्या धर्तीवर काढलं होतं. खटला पुढे उभा राहिला नाही. मे १७९७ मध्ये तो पंतप्रधान पिटवर तुटून पडला होता. त्या चित्रात नोटांचे कपडे घातलेली म्हातारी, म्हणजे बँक ऑफ इंग्लंड, सोन्याच्या पेटीवर बसली आहे आणि पिट तिच्या अंगचटीला येतो आहे. पण त्याच वर्षी पिटचा तरुण समर्थक जॉर्ज कॅनिंग याच्या मध्यस्थीने त्याला सरकारकडून वर्षाला २०० पौंड गुपचूप सुरू झाले. त्यानंतर कॅनिंगच्या ‘अँटी-जॅकोबिन’ या फ्रेंच क्रांतीविरोधी साप्ताहिकाच्या गटासाठी त्याचा हात चालू लागला आणि बाणांची दिशा फॉक्सकडे वळली. १८०१ मध्ये पिटचं मंत्रिमंडळ गेलं, पेन्शन थांबलं.

दुसरा व्यंगचित्रकार जेम्स सेयर्स तर उघडच पिटचा माणूस होता आणि पिटने त्याला एक्स्चेकर न्यायालयात पद दिलं. १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत व्यंगचित्रकार रोलँडसनने फॉक्सचा प्रचार करणाऱ्या डेव्हनशरच्या डचेसची बदनामी करणारीही चित्रं काढली आणि तिची बाजू घेणारीही. याला स्वातंत्र्य म्हणायचं, तर भाडोत्री सैन्यालाही स्वतंत्र म्हणावं लागेल.

अपर्णा_के

तपशील मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. पैसे कोणी दिले, एवढ्यावर चित्राचा अर्थ ठरत नाही.

ऑक्टोबर १७९६ चं कल्पित फ्रेंच आक्रमणाचं चित्र घ्या. फ्रेंच सैन्य सेंट जेम्स स्ट्रीटवरून चाललं आहे, फॉक्स पिटला खांबाला बांधून फटके मारतो आहे. कॅनिंगला गिलरेच्या चित्रात झळकायची फार हौस होती, त्यासाठी तो मित्रांमार्फत खटपट करत होता. गिलरेने त्याला या चित्रात घेतलं, पण दिव्याच्या खांबाला लटकवून! चित्राचा हेतू फ्रान्सधार्जिण्यांना झोडपण्याचा, म्हणजे सरकारच्या सोयीचा. तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांत काय भरतं? उघड्या अंगाने फटके खाणारा पंतप्रधान. पिटच्या विरोधकांनी हेच चित्र मिटक्या मारत पाहिलं असणार.

आणि प्रिन्स ऑफ वेल्सचं गिलरेने काढलेलं १७९२ चं ते चित्र? वासकूट फाटायला आलंय, काट्याने दात कोरणं चाललंय, मागे न भरलेली बिलं आणि गुप्तरोगाची औषधं. हाच राजपुत्र अशा छापांचा, म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांचा, गिऱ्हाईकही होता. ज्याची बेअब्रू झाली तोच पैसे मोजून ती घरी नेतो, अशा धंद्यात मालक कोण आणि चाकर कोण, हे इतकं सरळ सांगता येत नाही.

दख्खनी

तुम्ही दोघंही लंडनमधलेच हिशेब मांडताय. हिंदुस्थानचा कारभार कोणी करायचा, हे ठरवण्यातही या चित्रांचा हात होता.

१७८३ मध्ये फॉक्स स्वतः मंत्री होता आणि त्याने ईस्ट इंडिया कंपनीबद्दलचं विधेयक आणलं. कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या सात आयुक्तांकडे द्यायचा, असा त्याचा गाभा. ५ डिसेंबरला सेयर्सने चित्र काढलं: फॉक्स मोगल बादशहाच्या थाटात ‘कार्लो खान’ बनून हत्तीवर बसलाय, हत्तीला त्याचा सहकारी मंत्री लॉर्ड नॉर्थ याचं तोंड, पुढे त्याचा साथीदार बर्क तुतारी फुंकतोय आणि स्वारी लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीकडे निघालीय. बारा दिवसांनी लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, विधेयक फेटाळलं आणि लगेच राजाने मंत्रिमंडळ काढून टाकलं. खरा घाव राजाचाच होता. त्याच्या मर्जीविरुद्ध मत देणारा आपला शत्रू, हा निरोप त्याने लॉर्ड्सपर्यंत पोचवला होता. पण फॉक्स हिंदुस्थान गिळायला निघालाय, ही भावना या चित्राने लोकांत पक्की केली. सेयर्सच्या चित्रांनी आपलं फार नुकसान केलं, असं फॉक्स स्वतः म्हणत असे.

कंपनीच्या लुटीला लगाम घालू पाहणारा माणूसच लुटारू म्हणून रंगवला गेला. बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती. या चित्रात त्यांची सावलीसुद्धा नाही. हिंदुस्थान म्हणजे एक हत्ती आणि एक फेटा.

अपर्णा_के

दख्खनी, १७८८ चं गिलरेचं चित्र तुमच्या पाहण्यात आलंय का? त्यात रक्ताचा समुद्र आहे, हिंदी माणसांची प्रेतं तरंगताहेत आणि वॉरन हेस्टिंग्ज लॉर्ड चॅन्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसून पैशांच्या थैल्यांसह तो ओलांडतो आहे. हेस्टिंग्जवरचा महाभियोग नुकताच सुरू झाला होता. सावलीसुद्धा नाही, हे सगळ्या चित्रांबद्दल म्हणता येणार नाही.

दख्खनी

पाहिलंय. अंगावर काटा येतो. पण दोनच वर्षं आधी याच गिलरेने हेस्टिंग्जला उंटावर बसलेला ‘हिंदुस्थानचा तारणहार’ केलं होतं आणि बर्क, नॉर्थ, फॉक्सला त्याच्यावर चालून येणारे दरोडेखोर. दोन्ही चित्रांतली प्रेतं-उंट इंग्रजांच्या आपसातल्या भांडणासाठीच आणलेले.

१७९१ चं श्रीरंगपट्टणचं चित्रही तसंच. कॉर्नवॉलिस माघार घेतोय आणि टिपू वरून त्याच्यावर लघवी करतोय. लंडनकर खदखदून हसले असतील. प्रत्यक्षात त्या मे महिन्यात कॉर्नवॉलिसला स्वतःच्या वेढ्याच्या तोफा नष्ट कराव्या लागल्या, त्याची फौज उपाशी होती आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी छावणीतल्या बाजारातून महागड्या दराने धान्य घेऊन ती जगली. चित्राला या कशाशी कर्तव्य नव्हतं.

शाईवाला

एक बाजू कोणीच मांडली नाही. विकले न गेलेलेही होते आणि त्यांनी किंमत मोजली.

विल्यम हॉलंड हा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा छापविक्या. राजेशाहीविरोधी लेखक टॉमस पेनचं लिखाण विकलं म्हणून १७९३ मध्ये त्याला न्यूगेटच्या तुरुंगात जावं लागलं. रिचर्ड न्यूटन त्याच्या दुकानासाठी चित्रं काढणारा पोरगा. मार्च १७९८ मध्ये, म्हणजे गिलरे २०० पौंड घेत होता तेव्हा, न्यूटनने जॉन बुल (सामान्य इंग्रजाचं व्यंगचित्रातलं रूप) राजाच्या चित्रावर पादतोय आणि पिट ‘देशद्रोह!’ म्हणून ओरडतोय, असा छाप काढला. त्याच वर्षी तो एकविसाव्या वर्षी वारला. गिलरेची रेघ त्याच्याकडे नव्हती. त्याची रेघ जाड आणि उतावळी, पण मला तीच जवळची वाटते.

शिवाय हे छाप रयतेचे होते असंही समजू नका. साधा छाप एक शिलिंग, हाताने रंगवलेला दोन. रंगीत छाप घ्यायचा तर मजुराची दिवसाची कमाई जायची. पिकॅडिलीचा फोर्स हा दुकानदार तर छापांचे संग्रह संध्याकाळच्या बैठकीसाठी भाड्याने द्यायचा. गरिबाच्या वाट्याला दुकानाची काच.

कोरीव

शाईवाला, तुम्ही माझाच मुद्दा पुढे नेलात. हॉलंडला तुरुंग आणि गिलरेला पेन्शन, हे एकाच सरकारचे दोन हात. पुढे १८२० मध्ये राजाचं अनैतिक स्थितीतलं चित्र काढणार नाही, अशा वचनापोटी व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुइकशँकला १०० पौंड दिले गेले. खटल्यापेक्षा खरेदी स्वस्त पडत होती.

अपर्णा_के

त्याच क्रुइकशँकने त्याच वर्षी प्रकाशक विल्यम होनच्या पत्रकांसाठी चौथ्या जॉर्जची रेवडी उडवणारी चित्रं काढली. १०० पौंडांत एवढंच मिळालं.

आणि होनचा खटला विसरू नका. धर्मग्रंथांची विडंबनं छापली म्हणून डिसेंबर १८१७ मध्ये सलग तीन दिवस त्याच्यावर तीन खटले चालले. वकील न घेता तो स्वतः उभा राहिला. बचावात त्याने गिलरेचे छाप कोर्टात मांडले आणि ज्यूरीला सांगितलं की धर्मवचनांवरून अशीच विडंबनं रचणारे कॅनिंगसाहेब आज मंत्रिमंडळात बसले आहेत. कोर्टात हशा पिकला. तिन्ही दिवस ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

कॅनिंगने पैसे मोजून पोसलेला हात वीस वर्षांनी सरकारच्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला. कोरीव, हा छाप नेमका कोणाच्या मालकीचा म्हणाल?

कोरीव

ज्यूरीच्या. गिलरेच्या नव्हे. तो १८१५ मध्येच गेला होता, शेवटची काही वर्षं बुद्धिभ्रंशात, त्याचे छाप विकणाऱ्या हम्फ्री बाईंच्या दुकानाच्या माडीवर. त्या छापांचा होनने जो उपयोग केला, त्याचं श्रेय मी होनलाच देईन.

दख्खनी

इथे मी कोरीव यांच्या बाजूने. पण मग सेयर्सच्या हत्तीचं अपश्रेय कोणाला, तेही सांगा.