फासे टाकून कथाबीज: तक्ता कसा आखावा?

प्रश्न: गोष्ट सुचावी म्हणून पात्र, जागा, अडचण असे तीन रकाने केलेत, प्रत्येकात ६ नोंदी. फासा टाकला की 'शिक्षक, बसस्थानक, भांडण' असलं काहीतरी येतं आणि पेन हलत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर १: नोंदी फार ढोबळ आहेत. 'शिक्षक' नको, 'निवृत्तीला आठ दिवस उरलेले पीटीचे सर' लिहा. 'भांडण'ऐवजी 'दुसऱ्याचीच पिशवी हातात आली. आत ओला टॉवेल आणि घराची किल्ली'. नोंदीत एखादी वस्तू किंवा घाई असली की पुढचं वाक्य आपसूक सुचतं. ६×६×६ म्हणजे २१६ जुळण्या होतात, तेव्हा नोंदी वाढवण्याआधी त्यांना धार लावा.

उत्तर २: वाढवायच्याच असतील तर दोन फाशांची बेरीज मात्र करू नका. ३६ पैकी ६ प्रकारे ७ येतो, २ आणि १२ एकेकाच प्रकारे. मधल्याच नोंदी पुन्हा पुन्हा निघतात. एक फासा दशकाचा, दुसरा एककाचा धरा. ११ ते ६६, दोन्ही अंक १ ते ६ मधलेच, म्हणून एकूण ३६ नोंदी, सगळ्यांना सारखी संधी. फासे दोन रंगांचे घ्या, म्हणजे गोंधळ नाही.

उत्तर ३: आणि मनासारखं येईपर्यंत टाकत बसू नका, खरा घात तिथेच होतो. फार तर एका रकान्यासाठी एकदाच पुन्हा फासा टाका, १० मिनिटांचा गजर लावा आणि लिहायला लागा. वापरलेली नोंद खोडून लगेच नवी भरा.