डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीचे दर आठवड्याचे कार्यक्रम, रॉ आणि स्मॅकडाउन, बघण्यात आता राम उरलाय का?

तिसरा_तास
कुस्ती ठरवून खेळतात म्हणून मन उडालं, असं काही जण सांगतात, ते कारण पटत नाही. ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. मन उडतं ते लांबण लावल्यामुळे. १९९३ मध्ये रॉ सुरू झाली ती एका तासाची. १९९७ मध्ये दोन तास झाले, जुलै २०१२ मध्ये तीन. भांडणं तेवढीच, मग वेळ भरायचा कसा? सुरुवातीला वीस मिनिटं माइकवर बाचाबाची, मध्येच तिसरा येतो, मग चौथा, आणि शेवटी त्या चौघांचीच टॅग मॅच, म्हणजे जोडी विरुद्ध जोडी. मोठ्या शोआधी कुणालाच पाडायचं नसतं, म्हणून कुणीतरी बाहेरून घुसतो आणि निकाल डीक्यू, म्हणजे कुणी न हरता मॅच बाद. त्याहून वाईट म्हणजे आलटून-पालटून जिंकवणं. या आठवड्यात हा, पुढच्या आठवड्यात तो. महिनाभरात दोघांचाही दरारा संपतो.

मंगळवारची_पहाट
लांबण मान्य, निष्कर्ष अमान्य. ब्लडलाइन या रोमन रेन्सच्या टोळीची गोष्ट आठवा. २०२२ मध्ये सामी झेन त्या टोळीत शिरला, टोळीतल्याच जे उसो या कुस्तीगीराचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. नोव्हेंबरच्या वॉरगेम्स या मोठ्या शोमध्ये सामीने जुन्या मित्राला, केविन ओवेन्सला, दगा दिला तेव्हा कुठे जे उसो विरघळला. जानेवारी २०२३ च्या रॉयल रंबलमध्ये सामीने रोमनच्या पाठीत खुर्ची घातली. नुसते मोठे शो बघणाऱ्याला ती खुर्ची दिसते. जे उसोचं मन कसं वळत गेलं ते दर आठवड्याच्या स्मॅकडाउनमध्येच होतं.

तिसरा_तास
अशी गोष्ट दहा वर्षांत एखादी. बाकी वेळी चॅम्पियनचा पट्टाच गायब! ब्रॉक लेस्नर २०१७-१८ मध्ये सलग ५०४ दिवस युनिव्हर्सल चॅम्पियन होता, आणि रॉवर आठवडेच्या आठवडे दिसायचा नाही. मार्च २०२५ मध्ये जॉन सीना खलनायक झाला, इतकी मोठी कलाटणी, आणि ती घडवणारा कुस्तीगीर द रॉक रेसलमेनियाला, वर्षातल्या सर्वात मोठ्या शोला, आलाच नाही. रोज बघणाऱ्याने त्या धाग्याचं करायचं काय?

रिंगसाइड
मग सगळं बघताच कशाला? एप्रिल २०२५ पासून भारतात रॉ, स्मॅकडाउन नेटफ्लिक्सवर आहेत, पुढे ढकलून बघता येतं. मोठ्या शोच्या आधीचा एक भाग आणि नंतरचा एक भाग पूर्ण बघायचा. मधल्या आठवड्यांत पहिला प्रसंग आणि शेवटची मॅच पुरे. तीच जोडी तिसऱ्यांदा भिडत असेल तर सरळ सोडून द्या.

मंगळवारची_पहाट
पहिला प्रसंग आणि शेवटची मॅच एवढंच बघणं म्हणजे मधल्या फळीला हद्दपार करणं, आणि उद्याचे चॅम्पियन तिथेच घडतात. मॅचमध्येही ढकलाढकल नको. पहिल्या पाच मिनिटांत गुडघ्यावर मारा होतो, मग तो माणूस लंगडत उभा राहतो, स्वतःचा डाव टाकायला जातो आणि पाय दगा देतो. शेवटी त्याच पायाला पेच बसून तो हार मानतो. मधली दहा मिनिटं उडवलीत तर हार अचानक आल्यासारखी वाटते, आणि मग दोष लिहिणाऱ्याला देता.

तिसरा_तास
गुडघ्याचं अगदी खरं आहे. पण हल्ली तोच लंगडणारा दोन मिनिटांनी वरच्या दोरावरून उडी मारतो. ती दहा मिनिटं नीट बघणाऱ्यालाच याचा सर्वात जास्त राग येतो.