काळवीट, चितळ आणि नीलगाय एकाच आवारात: आराखडा तपासून हवा आहे

कुंपणकर
नमस्कार. मध्यम आकाराच्या एका प्राणिसंग्रहालयासाठी संयुक्त आवार आखतो आहे. जागा १.२ हेक्टर, आयताकृती. एका लांब बाजूला प्रेक्षक आणि कोरडा खंदक, बाकी तीन बाजूंना २.४ मीटर उंच जाळी. काळवीट १२ (नर ३), चितळ १५ (नर ४), नीलगाय ५ (नर २). मोर परिसरात मोकळे आहेतच. हॉग डिअरची (एक छोटं हरीण) एक जोडीही यातच घाला, अशी सूचना वरून आली आहे. रात्रनिवारा सध्या एकच धरलाय, आत दोन पार्टिशन. नर किती ठेवावेत, चाऱ्याची मांडणी कशी असावी आणि एकत्र सोडताना क्रम काय ठेवावा?

खंदक
रात्रनिवारा आधी बदला. उघड्या मैदानातली मारामारी क्वचितच जिवावर बेतते, कारण हरलेल्याला पळायला जागा असते. जीव जातो तो दारात, कोपऱ्यात आणि गव्हाणीपाशी. प्रत्येक जातीला स्वतंत्र क्राल (जनावरं आत घेऊन ठेवायचं छोटं बंदिस्त आवार) द्या आणि प्रत्येक क्रालला दोन दारं, एकमेकांपासून लांब. एकच दार असलं की नर नीलगाय तिथेच ठाण मांडतो आणि मागची जनावरं अडकून पडतात. दार ३ मीटर रुंद, सरकतं आणि बाहेरून तारेने ओढता येणारं हवं. जाळीचे काटकोन मोडा. कोपऱ्यात ४-५ मीटरचा तिरका तुकडा टाकला तरी पाठलाग पुढे वळतो. मैदानात मधेमधे दगडांचे ढीग, आडवे ओंडके आणि बांबूची बेटं अशी टाका की एका टोकाचा नर दुसऱ्या टोकाच्या नराला दिसणार नाही.

नरांबद्दल माझं मत: एका वेळी एकाच जातीचा एकच पूर्ण वाढलेला नर मैदानात. बाकीचे मागच्या क्रालमध्ये, आलटून पालटून बाहेर. सगळे भितात नर नीलगायीला, कारण तो २०० किलोच्या वर आणि काळवीट ३५-४० किलोचा. पण कुरापत बहुधा काळवीट काढतो. लेंड्यांचे ढीग घालून तो आपला इलाखा आखतो, आत आलेल्या प्रत्येकावर धावतो आणि समोरच्याचा आकार बघत नाही. मग मरतो तोच.

हॉग डिअर मुळीच नको. चितळ आणि तो जवळच्या नात्यातले, त्यांचा संकर होतो आणि आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालय नियमांत संकराला मनाई आहे. सूचना देणाऱ्यांना एवढं एकच कारण कळवा, पुरे.

वैरणवाला
धान्याचा खुराक मैदानात टाकूच नका. संध्याकाळी फक्त क्रालमध्ये द्या. त्यामुळे जनावरं आपणहून आत येतात, मोजणी होते आणि कोण खात नाही ते त्याच दिवशी कळतं. मैदानात खुराक ठेवला तर दांडगी नीलगाय सगळा फस्त करते. धान्य जास्त झाल्यावर तिचं पोट आंबतं, आणि काळवीट माद्यांच्या मात्र बरगड्या दिसायला लागतात.

दिवसाचा हिरवा चारा आणि कडबा किमान सहा ठिकाणी ठेवा, १५ मीटर अंतराने, एका जागेवरून दुसरी दिसणार नाही अशा. हिशोब कोरड्या वजनावर करा, शरीराच्या वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के. ३५ किलोच्या काळवीटाला ०.७ ते ०.९ किलो, म्हणजे हिरव्या चाऱ्यात चारेक किलो. २०० किलोच्या नीलगायीला कोरडा ४ ते ५ किलो.

काळवीटांसाठी राखीव कोपरा करायचा तर उभ्या खांबांच्या फटी ठेवू नका, नराची पसरट शिंगं अडकतात. १ ते १.१ मीटर उंचीवर आडवा पाइप लावा. नीलगाय वाकून शिरायचा प्रयत्न करते, म्हणून आत मीटरभर अंतरावर तसाच दुसरा पाइप हवा. चितळ यातून जाणारच, त्यांची उंची काळवीटाएवढीच आहे. त्यांना अडवायचं तर वेगळ्या क्रालशिवाय उपाय नाही.

झाडांना २ मीटरपर्यंत जाळी गुंडाळा. नीलगाय मागच्या पायांवर उभी राहून फांद्या ओरबाडते आणि सालही सोडत नाही.

खूरवैद्य
वरच्या एका मुद्द्यात भर. चितळांचे ४ नर म्हणजे वर्षभर कुणाचं ना कुणाचं शिंग कडक असणार, कारण ती सगळ्यांची एकाच वेळी गळत नाहीत. मखमल (वाढत्या शिंगावरची मऊ कातडी) पूर्ण उतरल्यावर शिंग बुडाच्या थोडं वर कापता येतं. त्यात वेदना नाही, पण बेशुद्ध करावं लागतं आणि कापलेल्या शिंगाची नोंद ठेवावी लागते. मखमल असताना करवत लावायची नाही, रक्तस्राव होतो. काळवीटाचं शिंग कापायचंच नाही, आत जिवंत हाड असतं.

जंताचं औषध चाऱ्यातून द्यायचं असेल तर तेही क्रालमध्ये, जातवार. हेमॉन्कस हा पोटातला रक्त शोषणारा जंत तिन्ही जातींत फिरतो. एकत्र गव्हाणीत दिलं की दांडग्याला जास्त आणि दुबळ्याला अपुरा डोस जातो, मग जंत औषधाला दाद देत नाहीत. म्हणून एकाच आठवड्यात तिन्ही कळपांना द्या आणि १०-१४ दिवसांनी लेंड्यांतली अंडी मोजा.

नवीन जनावर ३० दिवस वेगळं. मेंढ्या या आवाराच्या आसपासही नकोत. मेंढी स्वतः ठणठणीत दिसते, पण तिच्यातला विषाणू हरणांमध्ये मॅलिग्नंट कटारल फीवर हा जीवघेणा ताप घडवतो आणि एकदा आजार दिसू लागला की जनावर सहसा वाचत नाही. मुलांसाठी शेळ्या-मेंढ्यांचा कोपरा करणार असाल तर दुसऱ्या टोकाला करा आणि तिथले गमबूट, फावडी इकडे आणू नका. मोरांची अडचण नाही, फक्त ते कोंबड्यांत मिसळू देऊ नका.

कुंपणकर
आभार. चार क्रालचा आराखडा करतो, चौथा विणीसाठी. सोडण्याचा क्रम राहिला.

खंदक
आधी दोन-तीन आठवडे शेजारच्या क्रालमध्ये, मधे फक्त जाळी. मग काळवीट माद्या एकट्या मैदानात. बुजऱ्या जनावराला कुंपण, पाणी आणि पळवाटा आधी पाठ झाल्या पाहिजेत. पहिल्या दिवसांत जाळीवर आतून गोणपाट लावा, नाहीतर घाबरलेलं जनावर तिच्यावर सरळ आपटतं. आठवड्याने चितळ माद्या, मग नीलगाय माद्या, नर सगळ्यांत शेवटी. सोडायचं सकाळी, चारून झाल्यावर, सगळी दारं उघडी ठेवून. निदान दोन महिने रात्री वेगळे.

खूरवैद्य
आणि एप्रिल-मेमध्ये नको. उन्हात दहा-पंधरा मिनिटांचा पाठलागही काळवीटाला पुरतो: स्नायू फाटतात, लघवी गडद होते आणि जनावर त्याच दिवशी किंवा चार-पाच दिवसांनी जातं. पाठलाग पाच मिनिटांवर गेला तर वाट पाहू नका, पाठलाग करणाऱ्याला आत घ्या.

विणीच्या माद्या आठवडाभर आधी चौथ्या क्रालमध्ये. चितळ आणि काळवीट, दोघांचीही पिल्लं पहिले काही दिवस गवतात दडून बसतात. तिथे गवत कापू नका, आणि जाळीखालची १० सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक फट बुजवा.