कोटिक्यूल कुठल्या थरातला हे नुसतं बघून कळतं का?

दाढीवाला_ब्रसेल्स: मंडळी, इथे ब्रसेल्सच्या मारोल भागातल्या जुन्या बाजारात वस्तऱ्याला धार लावायचा एक जुना कोटिक्यूल मिळाला, वरचा भाग सायीसारखा पिवळट, खाली जांभळट निळा, आणि पिवळ्यात एका कडेला बारीक काळे ठिपके. लेबल नाही, डबा नाही. विकणारा छातीठोकपणे म्हणाला ला व्हेनेत नावाच्या थरातला आहे, फोटो टाकला तर कोणी ला द्रेसांत म्हणतंय कोणी ला ग्रोस ब्लांश. नक्की कसं ओळखायचं?

खडकवेडा: फोटोवरून थर सांगणारे बरेचसे अंदाजच मारत असतात भाऊ. हे सगळे थर बेल्जियमच्या आर्देनमधल्या स्ताव्लोच्या पट्ट्यातले, व्हिएलसाल्म-लिएर्नोच्या आसपास, वय साधारण 48 कोटी वर्षं. जांभळ्या स्लेटमध्ये अधूनमधून काही सेंटिमीटर जाडीचे पिवळे पट्टे येतात, तोच कोटिक्यूल. धार लावतात ते त्यातले स्पेसार्टाइन जातीच्या गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण, म्हणजे मँगनीजवाला गार्नेट. निळा भाग जांभळट दिसतो तो हेमाटाइट या लोखंडाच्या खनिजामुळे, त्यात गार्नेट कमी म्हणून तो हळू कापतो. खडकाच्या घड्या पडल्यात, थर तिरके झालेत, त्यामुळे एकाच थराचा रंग आणि पोत जागेजागी बदलतो. काळे ठिपके मँगनीजचे असतात, ते एकाच थराची खूण नाही, आणि बोटाला खरखर लागत नसेल तर धारेलाही त्रास नाही.

निसणा७७: +१. आधी दगड आडवा धरून कड बघ. पिवळा-निळा जोड थोडा वेडावाकडा, रंग एकमेकांत मुरलेला असेल तर नैसर्गिक जोड. एकदम सरळ रेघ आणि मध्ये सरसाची बारीक लाइन दिसली तर स्लेट मागून चिकटवलीय. तेही वाईट नाही, पिवळा दगड ठिसूळ म्हणून पातळ तुकड्याला आधार द्यायची पद्धत जुनीच आहे. पण मग खालच्या दगडावरून थराचा अंदाज बांधायचा नाही, तो दुसरीकडचा असणार.

दाढीवाला_ब्रसेल्स: जोड वाकडातिकडा आहे, सरस दिसत नाही 🙂 मग थर कळणारच नाही का?

खडकवेडा: खाणीतून थराचं नाव लिहून आला असता तर कळलं असतं. पुन्हा विकायचा असेल तर नावाचा उपयोग, कारण व्हेनेत म्हटलं की लोक जास्त पैसे मोजतात. वापरायचा असेल तर नाव सोड, दगड काय करतो ते बघ.

कट_थ्रोट_नाशिक: हेच सांगायला आलो. चार थेंब पाणी टाक, छोट्या कोटिक्यूलच्या तुकड्याने घासून दुधाळ गाळ काढ आणि वस्तरा हलक्या हाताने फिरव. दूध लगेच करडं पडलं तर दगड वेगाने कापतोय, कारण ते करडं म्हणजे तुझ्या वस्तऱ्याचं पोलाद. मग थेंब थेंब पाणी वाढवत गाळ पातळ करत जा आणि शेवटी नुसत्या पाण्यावर. दाट गाळात सुटे गार्नेट धारेवर आपटत राहतात, तिथेच थांबलास तर धार बोथटच राहणार आणि मग लोक दगडाला नाहीतर थराला शिव्या घालतात. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून बघ, आणि दाढी कशी झाली ते इथे टाक, फोटो नको 😄