इलेक्ट्रिक गिटार: २२ हजारांची आणि ८५ हजारांची, बांधणीत फरक नेमका कुठे असतो?

वऱ्हाडवारा
नमस्कार मंडळी. मी अकोल्याची, वय ३८. कॉलेजात अकूस्टिक वाजवायचे. पुढे नोकरी, बदल्या, मुलं यात सुटलं ते सुटलंच. आता परत सुरू करायचंय आणि या वेळी इलेक्ट्रिकच. बजेट अ‍ॅम्प धरून २५ हजार, त्यावर एक रुपया नाही.
शनिवारी नागपूरला एका दुकानात २२ हजारांची आणि ८५ हजारांची अशा दोन गिटारी हातात घेऊन पाहिल्या. आकार तोच, तीन पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबक) तसेच, रंगही जवळपास एकच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लाकडाचा फरक आहे." नुसत्या लाकडाचे ६३ हजार? जाणकारांनी सांगा. आणि माझा हात लहान आहे, पहिल्या तीन-चार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) करंगळी पोचताना ओढ बसते.

गिरगावकर७२
ताई, एकदाच घ्या आणि चांगली घ्या. मी २००९ साली कॅलिफोर्नियातल्या कोरोना कारखान्यात बनलेली फेंडर कंपनीची स्ट्रॅट (तीन पिकअपवाली) घेतली. पंधरा वर्षांहून जास्त झाली, अजून नेक (दांडा) सरळसोट. हातात घेतल्याबरोबर कळतं. २५ हजारांत घ्याल आणि वर्षभरात विकाल. बजेट वाढवा, हप्त्यावर घ्या.

पहाटपाळी
आधी सहा महिने अकूस्टिकवर बसा. बोटांना घट्टे पडू द्या, मग इलेक्ट्रिकचं बघा. सगळे हेच सांगतात.

तारसप्तक
बोटांना घट्टे पडायला इलेक्ट्रिकही पुरते. त्यांनी विचारलंय बांधणीबद्दल, म्हणून तेवढंच सांगतो. पुण्यात गिटारी दुरुस्त करतो, स्वस्त-महाग दोन्ही माझ्या टेबलावर येतात.
लाकूड सर्वांत शेवटी बघा. स्वस्तात पॉप्लर किंवा बासवुड, महागात आल्डर, अ‍ॅश, महोगनी. फरक असतो, पण पैसे खरे जातात ते माणसाच्या हाताच्या कामात. नेकच्या कडेवरून तर्जनी सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवा. स्वस्त गिटारीत फ्रेटची टोकं करवतीच्या दातांसारखी लागतात. महागडीत तीच टोकं एकेक करून घासून गोल केलेली असतात. त्या कामाला तास लागतात, म्हणून किंमत वाढते.
मग नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. स्वस्तात पोकळ प्लास्टिक, महागात हाड. खाच नीट कापलेली नसेल तर तार अडकते. G (तिसरी) तार सुरात लावताना 'टिंग' असा आवाज आला की समजा, तार खाचेत अडकून सुटली. लोक खुंट्यांना दोष देतात आणि खुंट्या बदलून मोकळे होतात. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तरी बरंच काम होतं.
पिकअप उलटं करून पाहिलं तर स्वस्तात खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली दिसते. महागड्या सिंगल कॉइलमध्ये (एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये) प्रत्येक तारेखालचा दांडाच अल्निकोचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचा. आवाजाचे पॉट (फिरवायच्या बटणांखालचे भाग) स्वस्तात छोटे, साधारण १६ मिमीचे, महागात २४ मिमीचे. छोट्या पॉटवर दहावरून आठवर आलात की कधीकधी आवाज एकदम बसतो. ट्रेमोलोचा (सूर थरथरवणाऱ्या दांडीचा) ठोकळा स्वस्तात जस्ताचा आणि पातळ, महागात पोलादी.
यातलं जवळजवळ सगळं नंतर बदलता येतं. नेक पिळवटलेला निघाला तर मात्र फारसं काही करता येत नाही, म्हणून दुकानात आधी नेक बघा.

गिरगावकर७२
लाकडाचा फरक नाही म्हणणं पटत नाही. माझ्या आल्डरच्या स्ट्रॅटचा नाद आणि पुतण्याच्या पॉप्लरच्या गिटारीचा नाद, डोळे मिटून ओळखीन.

तारसप्तक
नाही म्हटलं नाही, शेवटी बघा म्हटलं. पुतण्याच्या गिटारीत तुमचे पिकअप घाला, तारा त्याच कंपनीच्या लावा, मग डोळे मिटा.

रानवेडा
लाकडाचा विषय निघालाच आहे म्हणून. स्वस्त गिटारीच्या फिंगरबोर्डचं (नेकवर बोटं दाबायच्या पट्टीचं) लाकूड हल्ली 'इंडियन लॉरेल' असं लिहिलेलं असतं. तो आपला ऐन! मगरीच्या पाठीसारखी साल असलेला. भंडारा-गडचिरोलीकडे याच झाडावर टसरचे किडे पाळतात. पूर्वी फिंगरबोर्डला शिसव असायचा. जानेवारी २०१७ पासून सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या व्यापाराला परवाना लागू लागला, तेव्हा कंपन्या ऐनाकडे वळल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ऐन टिकून राहिला. ऐन म्हणजे हलकं लाकूड असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्या घराच्या तुळया ऐनाच्या आहेत.

सुरावट
तारसप्तकांना +१. फ्रेटच्या टोकांबद्दल माझा अनुभव ऐका. ऑनलाइन मागवली, नाव घेत नाही. फेब्रुवारीत छान होती. मे महिन्यात नागपूरच्या उन्हाळ्यात बोटाला चक्क ओरखडे. हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, टोकं बाहेर येतात. परत घ्यायला कंपनी तयार नाही, "हवामानामुळे" म्हणे. अकोल्यात तर तुम्हाला हे होणारच. दुकानात हातात घेऊनच घ्या.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात उलटं. पावसाळ्यात नेक फुगतो, महिन्याभरात तारा गंजतात. पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही: अर्थिंग. सिंगल कॉइलची गिटार ५० हर्ट्झच्या विजेवर गुणगुणतेच, घरात अर्थिंग नसेल तर जास्तच. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि आधी वायरमन बोलवा. दोन कॉइलच्या हंबकर पिकअपला गुणगुण बरीच कमी.

पहाटपाळी
सेकंडहँड यामाहा पॅसिफिका ११२ बघा. आल्डरची बॉडी. मी २८ हजारांना घेतली, अ‍ॅम्प वेगळा.

वऱ्हाडवारा
सगळ्यांचे आभार. पहाटपाळी, बजेट २५ आहे हो, अ‍ॅम्प धरून. त्याच दुकानात लेस पॉलच्या (गिब्सन कंपनीच्या प्रसिद्ध मॉडेलच्या) आकाराची एक आहे, १५,५०० ला. दोन हंबकर, ट्रेमोलो नाही. ती कशी?

गिरगावकर७२
ती बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने बसवलेल्या नेकची असणार. खऱ्या लेस पॉलचा नेक चिकटवलेला असतो. आकार एक आणि आत दुसरंच, अशी गिटार घेऊ नका.

सुरावट
मलाही तीन पिकअपवालीच बरी वाटते. नव्याने शिकताना सगळे आवाज हाताशी हवेत.

तारसप्तक
बोल्ट-ऑन म्हणजे कमअस्सल नव्हे. लिओ फेंडरने १९५० पासून नेक स्क्रूनेच बसवला, गिरगावकरांच्या स्ट्रॅटलाही तसाच आहे. तरी माझंही मत तीन पिकअपवालीकडेच. विकायला सोपी आणि सुटे भाग कुठेही मिळतात. हाताचं म्हणाल तर तारेची लांबी फेंडरमध्ये ६४८ मिमी, लेस पॉल प्रकारात ६२८ च्या आसपास. पहिल्या फ्रेटच्या घरात जेमतेम एक मिलिमीटर वाचतो.

वऱ्हाडवारा
काल परत नागपूरला गेले आणि लेस पॉलवालीच घेतली. तुमचं सगळ्यांचं मत वेगळं होतं, माहीत आहे. पण चार फ्रेट मिळून चार मिलिमीटर होतात आणि माझ्या करंगळीला तेवढेच हवे होते. तारांचा ताणही मऊ लागला. दुकानात पाच गिटारींच्या कडेवरून बोट फिरवलं, दुकानदार बघत राहिला. हिची तिसऱ्या आणि अकराव्या फ्रेटची टोकं जरा लागतात, बाकी साफ. नेक एका डोळ्याने पाहिला, सरळ आहे. अ‍ॅम्प ६ हजारांचा. उरलेले साडेतीन हजार सेटअपला (तारांची उंची वगैरे जुळवून घ्यायला) ठेवलेत. घरी अर्थिंग तपासून घेतलं, बैठकीच्या खोलीत नव्हतंच! वायरमन उद्या येतोय. G तार लावताना तो 'टिंग' आवाज येतो. पेन्सिल कोणती, एचबी चालेल?

तारसप्तक
अभिनंदन. २बी मऊ असते, ती घ्या. तार पूर्ण काढू नका, ढिली करून खाचेतून बाजूला घ्या, शिसं घासा, परत बसवा. सेटअपला द्याल तेव्हा बाराव्या फ्रेटवर तारांची उंची साधारण १.६ मिमी मागा. आणि ती दोन टोकं मे महिन्यानंतर घासून घ्या, तोवर आणखी काही बाहेर आली तर एकाच खेपेत होतील.