सोनोग्राफी नॉर्मल, तरी ‘सूजन’ कशी?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर):
माझ्या विवाहित बहिणीचे ओटीपोट आठ दिवसांपासून दुखत असून अंगावरून पांढरेही जाते. डॉक्टरांनी आतून तपासून ‘अंदर सूजन है’ असे सांगितले आणि चौदा दिवसांची औषधे दिली. मात्र पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय व अंडाशये नॉर्मल असून गर्भाशयामागे थोडे पाणी आहे, एवढेच लिहिले आहे. सूज असेल तर ती चित्रात दिसायला नको का? औषधे सुरू करावीत की दुसरी सोनोग्राफी होईपर्यंत थांबावे?

उत्तर १ (सोनोग्राफी विभागात काम करते):
घोटाळा बराचसा शब्दाचा आहे. आपल्या इंदुरी बोलण्यात ‘सूजन’ म्हणजे फुगणेही आणि दाहही. सोनोग्राफीला दिसते ते फुगणे; डॉक्टर म्हणत असावेत तो गर्भाशय-नलिकांतल्या संसर्गाने झालेला दाह. निरोगी गर्भनलिका सहसा दिसतच नाही आणि संसर्ग नुकताच तिच्या अस्तरात असेल, तरीही ती दिसेलच असे नाही. नलिकेत पू किंवा पाणी साठले, तिची भिंत साधारण 5 मिलिमीटर किंवा त्याहून जाड झाली, म्हणजे आडव्या छेदात ती दातेरी चाकासारखी दिसते. पुढे नलिका व अंडाशय एकमेकांना चिकटून गळू झाले, तर ते सहज ओळखता येते. मागचे थोडे पाणी मात्र अंडे सुटण्याच्या दिवसांतही आढळते, त्यामुळे एकट्या त्यावरून काहीच ठरत नाही. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत हे अवयव जवळून दिसतात, आणि तिच्यासाठी लघवी रोखून बसावे लागत नाही.

उत्तर २ (निवृत्त परिचारिका, रामबाग):
ताई, थांबू नका. आतून तपासताना गर्भाशयाचे मुख हलवल्यावर कळ येते का, यावरच डॉक्टर मुख्यतः निदान करतात, आणि उपचार लांबले तर नलिकांत व्रण राहून पुढे गर्भ राहण्यास अडचण येऊ शकते किंवा तो नलिकेतच राहू शकतो. मग सोनोग्राफी कशाला, तर गळू, अंडाशयाला पडलेला पीळ किंवा नलिकेतील गर्भ निसटू नये म्हणून. गर्भधारणेची चाचणी झाली आहे ना? असा संसर्ग शरीरसंबंधातूनही येऊ शकतो, म्हणून पतीचीही तपासणी व उपचार हवेत, हे घरात बोलायला कितीही अवघड वाटले तरी. 72 तासांत उतार पडला नाही तर पुन्हा दाखवा; ताप चढला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्नकर्ती:
चाचणी झाली असून ती निगेटिव्ह आहे. औषधे आज रात्रीपासून सुरू करत आहोत. पतीच्या तपासणीविषयी आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. ते उद्या विचारून घेते.